पाव गुण

ज्या मनुष्याने आपल्या हयातीची चाळीस वर्षे छापील अक्षरांच्या संगतीत घालविली, ज्याच्या घरी आलेल्या पाहुण्यास बसण्यापूर्वी खुर्चीवरील पुस्तकांची स्वहस्ते उचलबांगडी करावी लागते, आणि ज्याची ‘फार वाचलेला माणूस’ ही ख्याती साताऱ्यापासून मद्रासपर्यंत पसरलेल्या आप्तवर्गात एका पत्नीचा अपवाद वगळता सर्वमान्य आहे, त्या मनुष्यास चोवीस प्रश्नांच्या वाचनाकलनाच्या परीक्षेत एकंदर पाव गुण मिळावा, ही हकीकत दुसऱ्या कोणाची असती तर मी ती मिटक्या मारीत चारचौघांत सांगितली असती. तो मनुष्य मीच असल्यामुळे ती कैफियतीच्या स्वरूपात सादर करणे भाग आहे.

कैफियतीचा आरंभ जून महिन्यातील एका शनिवारी पहाटे एग्मोर स्थानकाच्या फलाटावर होतो. 1908 साली खुल्या झालेल्या या तांबड्या-पांढऱ्या, घुमटधारी वास्तूत मी भाची मृणाल हिला उतरवून घेण्यासाठी पाच वाजल्यापासून उभा होतो. भगिनीचा निरोप मोबाइलवर आला होता आणि तो मी दोनदा वाचला होता. ‘मृणालची गाडी साडेपाचला सेंट्रलला येते, घ्यायला जा.’ आता मी राहतो एग्मोरला. एग्मोरला स्थानक आहे. स्थानकात गाड्या येतात. सबब मृणाल एग्मोरला उतरणार, असा न्यायशास्त्रास धरून निष्कर्ष मी काढला होता. सहा वाजता फोन आला.

“मामा, तू कुठे आहेस?”

“फलाटावरच आहे. तू दिसत नाहीस.”

“कुठल्या स्टेशनच्या?”

या प्रश्नाने माझ्या अंगावर घाम आला, आणि मद्रासच्या जूनमध्ये तो कशाने आला हे सांगणे कठीण असले तरी या वेळी ते मला सांगता आले असते. सेंट्रल तेथून जेमतेम दोन किलोमीटर. रिक्षा करून गेलो आणि वाटेत मनाशी सबब जुळवून ठेवली की, 2019 पासून त्या स्थानकाचे अधिकृत नाव ‘पुरट्चि तलैवर डॉक्टर एम. जी. रामचंद्रन सेंट्रल रेल्वे स्थानक’ असे असल्यामुळे नुसत्या ‘सेंट्रल’ या त्रोटक उल्लेखावरून सुशिक्षित मनुष्याचा गैरसमज होणे साहजिक आहे. मृणालने ही सबब शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाली, “मामा, मला तुझ्याकडे आईने वाचन सुधारायला पाठवलंय ना?”

तिला पाठविण्याचे कारण असे. मृणालला कायद्याच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठात जावयाचे होते आणि त्याकरिता ‘क्लॅट’ नावाची सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. 2008 साली ही परीक्षा सुरू झाली तेव्हा तीत इतर परीक्षांप्रमाणे घोकलेले ओकण्यास पुष्कळ वाव होता. पुढे 2020 पासून तिच्या चालकांच्या मनात काय आले कोण जाणे, पण इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क आणि गणित या पाचही विभागांत त्यांनी आधी एक उतारा व मग त्यावरील प्रश्न अशी योजना केली. हल्ली दोन तासांत एकशे वीस प्रश्न असतात, साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे असतात, बरोबर उत्तरास एक गुण मिळतो आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट, आणि त्या एका मिनिटातच उतारा वाचण्याचेही काम उरकावयाचे. पहिल्या खेपेस मृणालची गाडी याच उताऱ्यांवर घसरली होती. एक वर्ष ‘ड्रॉप’ घेऊन ती पुन्हा बसणार होती, आणि तिच्या मातोश्रींचा असा दृढ समज होता की, मद्रासच्या हवेतच इंग्रजी असते व त्यातून दादासारखा व्यासंगी मनुष्य घरात असल्यावर मुलीला शिकवणीची गरज नाही.

‘उतारा’ हा शब्द मी लहानपणापासून तीन अर्थांनी ऐकत आलो आहे. तलाठ्याकडून आणावयाचा सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा, आणि दृष्ट काढून तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवावयाचा उतारा. तिसऱ्या प्रकारचा उतारा ओलांडू नये, त्याने माणूस झपाटला जातो, अशी आजीची ताकीद असे. क्लॅटचा उतारा या तिन्हींत मोडत नाही असे मला प्रथम वाटले होते. पुढे आजीच्या म्हणण्याची प्रचिती आली.

मामा या नात्याने मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मृणालला घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या कॉनेमारा ग्रंथालयात नेले. पँथियन रस्त्यावर संग्रहालयाच्या आवारात 1896 पासून उभी असलेली ही संस्था म्हणजे एग्मोरचे भूषण. 1954 च्या कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांत जमा करावी लागते, त्यांपैकी हे एक. जुन्या दालनाचे कोरीव छत व रंगीत काचा मृणालला दाखवीत मी हे सर्व सांगितले आणि समारोपादाखल म्हणालो, “या इमारतीत सर्व काही आहे.”

“तू यातलं किती वाचलंस?”

पुस्तक आणून देण्याचे कलम कायद्यात आहे, वाचण्याचे नाही, हे मी तिच्या नजरेस आणले. तिने मान डोलावली, पण डोलावण्याचा प्रकार मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचा क्रम सुरू झाला. पहाटे उठावे, याच शहरात 1878 साली जन्मास आलेल्या ‘द हिंदू’चा अग्रलेख घड्याळ लावून वाचावा, त्यातील लेखकाचे मत एका वाक्यात लिहावे, मग उताऱ्यांचा एक संच सोडवावा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तो का चुकला हे वहीत नोंदवावे. ही शेवटची गोष्ट मला विशेष खटकली. चूक झाल्यावर तिचे कारण लिहून ठेवण्याची पद्धत आमच्या घराण्यात नाही. आम्ही ती दुसऱ्याच्या नावावर जमा करतो. आठ दिवस हा खटाटोप पाहिल्यावर मला राहवले नाही.

“अगं, वाचणं म्हणजे काय अंकगणित आहे? चार पर्याय दिलेले, त्यांतला एक निवडायचा! आमच्या वेळी पर्यायसुद्धा स्वतःच्या डोक्यातून काढावे लागत.”

“मग एक संच सोडवतोस, मामा? फक्त इंग्रजीचा. चोवीस प्रश्न आहेत.”

रविवारी सकाळी, गाळून ठेवलेल्या कॉफीचा लोटा शेजारी घेऊन, चष्मा पुसून, मी परीक्षेस बसलो. पहिला उतारा एका गावातील मनोऱ्यावरच्या बंद पडलेल्या घड्याळाविषयी होता. लेखक मोठा रसिक असावा. त्याची वाक्यरचना, त्याचे विशेषणांचे भान, यांचा आस्वाद घेता घेता चौदा मिनिटे गेली. प्रश्न होता, गावकऱ्यांनी घड्याळ दुरुस्त का करून घेतले नाही? मी क्षणाचाही विलंब न लावता ‘नगरपालिकेतील भ्रष्टाचार’ या पर्यायावर खूण केली.

तपासताना मृणालची पेन्सिल तेथे थबकली. “मामा, उताऱ्यात भ्रष्टाचार कुठाय?”

“उताऱ्यात नसेल. नगरपालिकेत असतोच.”

“इथे लिहिलंय, गावात प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आलं, म्हणून कुणाला गरज वाटली नाही.”

“हे बघ, मी सातारा पाहिलाय, पुणे पाहिलंय. लेखकाने पाहिलं नसेल.”

“लेखकाने काय पाहिलं तेच विचारलंय, मामा. तू काय पाहिलंस ते नाही.”

हे वाक्य त्या सकाळी तिने एकोणीस वेळा निरनिराळ्या शब्दांत उच्चारले. लेखकाचा सूर कोणता या प्रश्नास मी ‘संतप्त’ असे उत्तर दिले होते, कारण त्या सुमारास समोरच्या रस्त्यावर एक लॉरी भोंगा वाजवीत होती. एका शब्दाचा संदर्भानुसार अर्थ विचारला होता, तेथे मी शब्दकोशातील पहिला अर्थ दिला. तो अचूक होता आणि चूक धरला गेला. एका उताऱ्याच्या लेखकाशी माझा मुळातच मतभेद झाल्यामुळे त्यावरील सर्व प्रश्नांची उत्तरे मी निषेधादाखल विरुद्ध दिली होती. पाच बरोबर, एकोणीस चूक. पाचातून पावणेपाच वजा जाता पाव.

या पाव गुणास एक आनुषंगिक उपहासही चिकटला. माझे आडनाव भावे. तमिळ लिपीत प, फ, ब आणि भ या चौघांचा संसार एकाच अक्षरात चालतो, त्यामुळे दारावरील तमिळ पाटी वाचून सारा मोहल्ला मला अकरा वर्षे ‘पावे सार’ म्हणत आला आहे, आणि मृणालने ती पाटी त्या दिवशी अर्थपूर्ण नजरेने पाहिली. पण खरा घाव तिने संध्याकाळी घातला. संग्रहालयाकडून परतताना पदपथावर एक पोपटवाला ज्योतिषी बसला होता. ही जमात हल्ली विरळ झाली आहे. पिंजऱ्याचे दार उघडताच पोपट ऐटीत बाहेर येतो, ओळीने ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक चोचीने उपसतो आणि दाण्याची बिदागी घेऊन परत जातो. मृणाल थोडा वेळ पाहत राहिली आणि मनाशी हिशेब करून म्हणाली, “मामा, ह्याने आपल्या चोवीस प्रश्नांना न वाचता चिठ्ठ्या उचलल्या, तर चारांत एक म्हणजे सहा बरोबर येतील. अठरा चूक, साडेचार गेले. दीड गुण.”

म्हणजे निरक्षर पोपट माझ्या सहापट. मी दहाची नोट काढून पोपटवाल्याला दिली आणि भविष्य न ऐकताच निघालो.

हे दुःख मी ज्यांच्यापाशी उघड केले ते आमच्या तळमजल्यावरील बापू. सतराव्या शतकात एकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास आलेल्या मराठ्यांच्या वंशातील हे वृद्ध गृहस्थ; त्यांच्या मराठीत आपल्याकडे केवळ दप्तरांत उरलेले शब्द आणि सभोवारची तमिळ धाटणी यांचा असा काही मिलाफ झाला आहे की, ते पाणी मागतात तेव्हाही एखादा महजर वाचल्याचा भास होतो. त्यांची उभी नोकरी न्यायालयातील कारकुनीत गेली. माझा पाव गुण ऐकून ते मुळीच हसले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, चाळीस वर्षांत आपण लाखो कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले, परंतु कागद वाचणारा मनुष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. वादी वाचत नाही, कारण आपले म्हणणे आपल्याला ठाऊक आहे; प्रतिवादी वाचत नाही, कारण त्यात सर्व खोटेच असणार; आणि वकील वाचत नाही, कारण पुढची तारीख मागावयास वाचण्याची गरज नसते. एका प्रकरणात दोन्ही पक्षांचा तहनामा फायलीच्या तिसऱ्या पानास लावलेला असताना पुढे दोन वर्षे युक्तिवाद चालला होता.

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“मला कुणी विचारलं?” बापू म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाची गोष्ट काढली. सर्फोजी राजांनी 1803 साली भोसले घराण्याचा समग्र इतिहास तेथील भिंतीवर मराठीत कोरवून घेतला आहे. पानेच्या पाने भरतील एवढा तो लेख. बापू लहानपणी दर सणाला वडिलांबरोबर त्याच्या समोर उभे राहत. “बाप म्हणे, वाच, आपला इतिहास आहे. मी पहिली ओळ वाचे आणि पळे प्रसादाकडे.” दगडावरच्या अक्षरांचे जर हे, तर कागदावरच्या अक्षरांनी कसली आशा धरावी, अशा अर्थाचा हात त्यांनी हवेत हलविला.

बापूंच्या सांत्वनाने बरे वाटावयास हवे होते, पण पोपट डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मृणालची वही उघडून तिच्या युक्त्या पाठ केल्या. त्यांतली एक अशी होती की, वेळ कमी असेल तेव्हा उताऱ्याचे पहिले व शेवटचे वाक्य नीट वाचावे. लेखकाचा आशय बहुधा तेथे सापडतो. ही युक्ती मी प्रथम जिन्यातील फलकावर लावलेल्या इंग्रजी नोटिशीवर चालविली. पहिले वाक्य, ‘सर्व रहिवाशांस सादर नमस्कार.’ शेवटचे, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’ आशय स्पष्ट होता, रहिवासी चांगले आहेत. मी समाधानाने वर आलो, स्नानास गेलो, नखशिखान्त साबण लावला आणि नळ सोडला. नळाने एक दीर्घ निःश्वास टाकला. टाकी धुण्यासाठी आठ ते अकरा पाणी बंद राहील, हे मधले वाक्य मला त्यानंतर बंद दाराबाहेरून पत्नीने वाचून दाखविले. पिण्याच्या पाण्याचा शेवटचा कॅन माझ्यावर खर्ची पडला. तो ओतताना तिने लेखकाचा सूर कोणता होता हे ओळखण्यास पर्यायांची आवश्यकता ठेवली नाही.

पत्नीचा उल्लेख आलाच आहे तर या घरातील एका अन्यायाचीही नोंद केली पाहिजे. तिने वर्तमानपत्रातील पाककृतींपलीकडे काही वाचल्याचे मला माहीत नव्हते. एका दुपारी मृणाल एका प्रश्नावर अडली होती. दोन पर्याय बाद झाले होते आणि उरलेल्या दोहोंत तिचा त्रिशंकू झाला होता. मीही माझे वजन एका बाजूस टाकून पाहिले, त्यामुळे तिला निदान ती बाजू चुकीची असल्याचा संशय आला. शेंगा मोडीत बसलेली तिची मामी म्हणाली, “वाच बघू मोठ्याने. मराठीत सांग.” मृणालने सांगितले.

“दुसरा,” मामी म्हणाली.

“कशावरून?”

“दुसरा तेवढा बेताने बोलतोय. बाकीचे तिघं ‘नेहमी’ काय, ‘कधीच’ काय, ‘सगळेच’ काय! एवढी खात्री असलेला माणूस बहुतेक थापा मारत असतो.” हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहावयास नको होते.

उत्तर बरोबर निघाले. मृणालने ते वाक्य वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि तिच्या मते त्या एका वाक्याने तिचे चार गुण वाढले. त्याच संध्याकाळी भगिनीचा निरोप आला, ‘इकडे सगळं ठीक. काळजी नको.’ मी तो वाचून आनंदित झालो. पत्नीने वाचला आणि ताबडतोब साताऱ्यास फोन लावला. तेव्हा मेव्हण्यांचा पाय मोडून तीन दिवस झाल्याचे उघडकीस आले. “‘काळजी नको’ असं कोण लिहितं?” ती म्हणाली. उताऱ्यात नसलेले वाचू नये म्हणून जो नियम मला घालून दिला होता, तो तिला का लागू नाही, हे मी मृणालला विचारले. “मामी उताऱ्यात असलेलंच वाचते,” मृणाल म्हणाली. “फक्त ते लिहिलेलं नसतं.” हा भेद मला अद्याप उमगलेला नाही, पण परीक्षेत त्यावर बरेच गुण आहेत.

पुढील चार महिन्यांचा तपशील देत नाही. ऑगस्टपर्यंत मी पोपटास गाठले, सप्टेंबरात मागे टाकले, आणि नवरात्रात पंधरा बरोबर व नऊ चूक अशी मजल मारून पावणेतेरा गुण मिळविले, तेव्हा पत्नीने शिरा केला. एव्हाना मला वाचनाचे व्यसनच जडले होते. औषधाच्या बाटलीवरील सूचना, बसच्या तिकिटामागील अटी, लग्नपत्रिकेतील ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ. ही शेवटची मी इतक्या तंतोतंत पाळली की, एका मराठी कुटुंबाशी आमचे येणे-जाणे थंडावले आहे. मृणाल अर्थातच माझ्या फार पुढे गेली होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भर पावसात मी तिला केंद्रावर पोहोचविले. परीक्षा दुपारी दोन ते चार होती व प्रवेशपत्रावर तसे ठळक छापले होते. मी तिला सकाळी नऊलाच नेले, कारण परीक्षा सकाळी असतात हे मला अनुभवाने ठाऊक होते. पाच तास आम्ही एका छत्रीत उभे राहिलो. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त प्रवेशपत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, “मामा, वेळ जायला वाच.” निकाल लागला आणि तिला हवे होते ते विद्यापीठ मिळाले. मुलगी गेली, व्यसन मात्र घरात राहिले.

जानेवारीत आमचे घरमालक भाडेकराराचे नूतनीकरण करावयास आले. हे निवृत्त गणितशिक्षक, स्वभावाने इतके संकोची की, भाडेवाढ मागावयाची झाली तर आधी तासभर हवामानावर बोलतात आणि बहुधा हवामानावरच उठून जातात. मागील पाच नूतनीकरणांत त्यांनी एक रुपया वाढविला नव्हता. दर अकरा महिन्यांनी ते तोच इंग्रजी मजकूर नव्या मुद्रांकाच्या कागदावर छापून आणीत, मी खुणेच्या जागी सही करी, ते सही करीत, आणि आम्ही कॉफी पीत असू. या खेपेस मी चष्मा लावला.

“सार, थांबा. सही करण्यापूर्वी वाचले पाहिजे.”

ते चकित झाले. मी खणखणीत आवाजात, विरामचिन्हांना यथोचित मान देत, पहिल्या कलमापासून प्रारंभ केला. ‘सदरहू जागा’ म्हणजे कोणती, ‘उपरिनिर्दिष्ट पक्षकार’ म्हणजे कोण, हे प्रत्येक ठिकाणी थांबून मी त्यांस समजावून दिले. तेही मन लावून ऐकत होते. सातवे कलम मी वाचले, आणि पूर्वीच्या सवयीने अर्थात न घुटमळता त्याचा अन्वयार्थही लगेच सांगितला. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी मासिक भाड्यात आपोआप पाच टक्के वाढ होईल, त्यासाठी मालकाने वेगळी मागणी करण्याची आवश्यकता असणार नाही.

वाक्य संपल्यावर ते माझ्या कानांवर पडले.

घरमालकांचे ओठ किंचित हलू लागले. गणिताचा विभाग त्यांचा पक्का असला पाहिजे, कारण पाच खेपांची चक्रवाढ साडेसत्तावीस टक्क्यांच्या थोडी वर जाते हे त्यांनी माझा घोट घशाखाली उतरण्यापूर्वी सांगितले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकाएकी थांबला.

“पावे सार,” ते अत्यंत आदराने म्हणाले, “अजून किती कलमं आहेत?”

“बारा.”

“वाचा, वाचा,” ते म्हणाले, आणि प्रथमच खुर्चीत नीट मागे टेकून बसले. “सावकाश वाचा.”